कान नेमका कोणाचा

जावईबापूंना त्या दुकानात उभं राहून एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि या एकोणचाळीस वर्षांत त्यांनी एकही कान वळला नव्हता. वळण्याचं आणि तळण्याचं काम मागच्या खोलीत त्यांची बायको करायची. जावईबापू पुढे काउंटरमागे बसून कानांविषयी बोलायचे. दुकान कशावर चालतं असं कोणी विचारलं, तर ते स्वतःच्या जिभेकडे बोट दाखवत. गल्लीतले लोक कढईकडे दाखवत.

हे कान खायचे. मैद्यात गरम तुपाचं मोहन घालून पीठ दुधात घट्ट भिजवायचं, ओल्या फडक्याखाली तासभर झाकून ठेवायचं, मग लाटून बोटभर लांबीच्या पट्ट्या कापायच्या. पट्टीचं एक टोक डाव्या अंगठ्याखाली दाबायचं, दुसरं उजव्या चिमटीत धरून अर्धा पीळ द्यायचा आणि वळवून पहिल्या टोकावर चिकटवायचं. मंद आचेवर तळला की तो फुगतो. कडा कुरकुरीत होते, खाली पाळीसारखा मऊ भाग राहतो. वरून पिठीसाखर. बशीत ठेवला की कोणीतरी रागाच्या भरात उपटून ठेवलेल्या कानासारखा दिसतो. तेव्हा नावाबद्दल कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की हा कान कोणाचा. आणि या प्रश्नात जावईबापूंचा जीव होता.

‘‘तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट,’’ कागदी पिशवीचं तोंड उघडता उघडता ते सुरू करत. ‘‘राजा लढाईवरून परत येत होता. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. आपल्या याच गावाच्या वेशीवर एक बाई पीठ तळत बसली होती. तिने राजाला गरमगरम घाणा काढून दिला. राजा घास घेणार, तेवढ्यात प्रधान कानाशी लागला, ‘महाराज, खाऊ नका, विष असेल.’ राजाने काय करावं? प्रधानाचाच कान धरला, असा पिळला, आणि म्हणाला, ‘गरिबाच्या अन्नावर संशय घेतोस?’ एका हातात प्रधानाचा कान, दुसऱ्या हातात घास. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईने कानाच्या आकाराचेच तळायला घेतले.’’

गिऱ्हाईक पाहून गोष्टीचा कपडा बदले. नवपरिणीत जोडपं आलं की राजाबरोबर राणी येई. वकील आला की प्रधानावर रीतसर खटला चाले. एकदा एका निवृत्त शिक्षकाने चष्म्यावरून पाहत विचारलं, ‘‘राजाचं नाव काय?’’

‘‘मास्तर,’’ जावईबापू म्हणाले, ‘‘त्या काळात राजाला नावाने हाक मारायची कोणाची छाती होती?’’

मास्तर पाव डझनाऐवजी अर्धा डझन घेऊन गेले. असल्या विजयांवर जावईबापू पुष्ट झाले होते. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी खोक्यांवर ही गोष्ट छापून घेतली, सोबत राजा आणि प्रधानाचं चित्र. चित्रातला राजा थोडा जावईबापूंसारखा दिसे. छापखानेवाल्याला समोर दुसरा चेहरा नव्हता, असं ते सांगत.

त्यांना जावईबापू म्हणत, कारण दुकान सासऱ्यांचं होतं. सासऱ्यांना जाऊन तीस वर्षं झाली, जावईबापूंच्या डोक्यावरचे केस गेले, कमरेला पट्टा आला, तरी गल्लीने त्यांना मालक म्हटलं नाही. मालक म्हणजे सासरे, आणि तो शब्द त्यांच्याबरोबर गेला होता. सासऱ्यांना दोन मुली. थोरली जावईबापूंची बायको, तिच्या हातात आईचा पीळ जसाच्या तसा उतरला होता. धाकटी बहिणीहून दहा वर्षांनी लहान. तिचा नवरा, म्हणजे जावईबापूंचा साडू, आधी शिवणयंत्रांचे सुटे भाग विकायचा. मागल्या वर्षी त्याने बरोबर समोरच, रस्त्याच्या पलीकडे दुकान थाटलं. मागे एक यंत्र बसवलं. यंत्रात पीठ घातलं की साच्यातून कान पडत. त्यांना पीळ नव्हता, नुसता आकार होता, जसा बिस्किटावर फुलाचा असतो. पण किंमत निम्मी होती आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘राजमान्य कान, तीनशे वर्षांची परंपरा’.

‘‘माझी गोष्ट चोरली!’’ जावईबापू आत येऊन ओरडले.

‘‘तुमची कशी?’’ थोरली कढईवरून मान न वळवता म्हणाली. ‘‘राजाची ना?’’

यावर जावईबापूंना काही सुचलं नाही. त्यांच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे होते आणि ते सगळे याच खोलीत घडले होते.

मग सरकारने नावं नोंदवायची योजना काढली. खाण्याचा एखादा पदार्थ जिथे जन्मला आणि ज्याच्यामुळे त्याला नाव पडलं, त्याला ते नाव कायद्याने द्यायचं. बाकीच्यांनी तोच माल विकावा, पण दुसऱ्या नावाने. जावईबापूंनी वर्तमानपत्रातली ती बातमी कात्रीने कापली, घडी घालून खिशात ठेवली आणि तीन दिवस दर गिऱ्हाइकाला काढून दाखवली. ‘‘आता साडूभाऊंनी नाकं विकावीत,’’ असं ते वर म्हणत.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर त्यांनी अर्ज दिला. नाव पडण्याचं कारण या रकान्यात चार ओळींची जागा होती. जावईबापूंनी जोडपत्रं लावली, सात पानं. खिडकीतल्या कारकुनाने ती शेवटपर्यंत वाचली, ओठावर हसू आणलं आणि म्हणाला, ‘‘फार छान गोष्ट आहे हो.’’

‘‘लहानपणापासून ऐकत आलोय,’’ जावईबापूंनी सांगितलं. स्वतःच्याच तोंडून, हे सांगितलं नाही.

‘‘पण काका, यात तुमचं दुकान कुठेय? राजा वेशीवर आला, वेशीवरच्या बाईने तळलं. म्हणजे नाव गावात पडलं. जे नाव गावाचं, ते गावातल्या सगळ्यांचं. नियम आठ.’’ त्याने एक छापील कागद खिडकीखालून सरकवला. ‘‘तुमच्या समोरच्यांनीही अर्ज दिलाय. त्यांना तेवढंच हवंय. त्यांनी पुरावा म्हणून तुमचं खोकं जोडलंय.’’

जावईबापू घरी आले ते सरळ काउंटरवर बसले. पण आत हाक गेली नाही म्हटल्यावर थोरलीच झारा हातात घेऊन बाहेर आली.

‘‘काय म्हणाला खिडकीवरचा?’’

‘‘गोष्ट फार छान आहे म्हणाला.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय? छान आहे म्हणाला.’’

थोरलीने त्यांच्या खिशातून डोकावणारा कागद दोन बोटांनी ओढून घेतला, कारण बोटांना तूप होतं. तिने नियम आठ वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

‘‘म्हणजे तुमचा राजा खरा ठरला, तर नाव धाकटीच्या नवऱ्याचंही.’’

‘‘गावाचं. तसं पाहिलं तर मानाचीच गोष्ट आहे.’’

‘‘तो अजून चार दुकानं काढणार आहे. पाचही दुकानांवर तुमचा मान टांगेल.’’ तिने कागद काउंटरवर ठेवला. ‘‘ऐका. मी दिवसाला अडीचशे वळते. त्याचं यंत्र तासाला चारशे पाडतं. लोक इथे येतात ते कान इथलेच, असं समजून येतात. ते गेलं की मी कढई उतरवणार. साच्याशी शर्यत लावून मनगटं मोडून घ्यायची मला हौस नाही. मग बसा तुम्ही रिकाम्या काचांमागे, राजाला घेऊन.’’

थोरली धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. वीस वर्षांपूर्वी तिने सांगितलं होतं की तंबाखूचा डबा घरात दिसला तर फेकीन. तो डबा जावईबापूंना अजून सापडला नव्हता.

‘‘मग मी करू तरी काय?’’

‘‘खरं सांगा.’’

‘‘खरं म्हणजे?’’

‘‘अहो, माझ्यासमोरसुद्धा?’’ थोरली म्हणाली.

खरं असं होतं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी या पदार्थाला कोणी कान म्हणत नसे. सासरे त्याला पीळ म्हणत आणि गिऱ्हाइकं बोटाने दाखवत. त्या वेळी जावईबापू जावई नव्हते. चोवीस वर्षांचे, व्यापारशास्त्राची परीक्षा नुकतीच पास झालेले, काउंटरवर माल विकायला ठेवलेले नोकर होते. त्यांना धंद्यातलं सगळं कळत होतं, धंदा सोडून. सासऱ्यांचा एक नियम होता, कालचा माल आज विकायचा नाही, गाईला घालायचा. शिकलेल्या माणसाला हा नियम पाहवेना. पाचव्याच दिवशी, मालक तुपाच्या डब्यांसाठी बाहेर गेलेले पाहून, त्यांनी आदल्या दिवशीचा माल पुन्हा तेलातून काढला, वर दुप्पट साखर भुरभुरली आणि ‘‘आत्ताच काढले, हात भाजेल, जपून धरा,’’ असं म्हणत विकायला सुरुवात केली.

रांगेत सात माणसं होती. मालक परत आले, एक पीळ उचलून मोडला, वास घेतला, आणि काही न बोलता काउंटरला वळसा घालून आले. त्यांनी नोकराचा कान धरला. नुसता धरला नाही, पीठ वळतात तसा वळला. आणि कान हातात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने ताटातला शिळा माल एकेक करून टोपलीत टाकला. एकतीस नग होते. एकतीस नग संपेपर्यंत दुकानात कोणी हललं नाही. मग रांगेतली एक म्हातारी सुईण, जिने निम्मं गाव जन्माला घातलं होतं आणि जी कोणाचीच भीड ठेवत नसे, पिशवी पुढे करून म्हणाली, ‘‘मालक, मला एक डझन कान द्या. पण आजचे.’’

त्या दिवशी रांग हसली, संध्याकाळी गल्ली हसली, आणि आठवडाभरात गावात दुसरं नाव उरलं नाही. मालकांनीही हरकत घेतली नाही. नाव फुकटात मिळालं होतं आणि त्या नावात नियम आपोआप येत होता. नोकर मात्र त्यांनी काढला नाही. सहा महिन्यांनी थोरली त्यालाच दिली. ज्याचा कान एकदा हातात आला तो हातचा जात नाही, असा त्यांचा हिशेब असावा. थोरलीनेही होकार दिला. बाबा कान पिरगळत असताना तो उलट बोलला नाही की रडला नाही, हे तिने मागच्या दारातून पाहिलं होतं. तिला तो सोशिकपणा वाटला. लग्नानंतर कळलं की तो तेव्हाच मनात दुसरी हकिकत जुळवत होता.

सुईण गेली. रांगेतले एकेक गेले. जसजसे साक्षीदार कमी झाले, तसतसा जावईबापूंचा राजा मोठा होत गेला. रांगेतला शेवटचा साक्षीदार, एक न्हावी, मेला त्याच वर्षी खोकी छापली गेली.

‘‘ते नाही सांगणार,’’ जावईबापू म्हणाले. ‘‘चारचौघांत? या वयात?’’

‘‘मग?’’

‘‘राजा दुकानातच आला होता असं करतो. वेस काढून टाकतो.’’

‘‘दुकान अठ्ठावन्न वर्षांचं आहे. पायरीवर साल कोरलंय.’’

‘‘राजाऐवजी मंत्री घेतो. मंत्री येतात गावात.’’

‘‘आणि कान?’’

‘‘कान...’’ जावईबापूंनी छताकडे पाहिलं. ‘‘समजा, तुझ्या बाबांचा.’’

थोरलीने झारा थोडासा वर केला. जावईबापूंनी तो विषय तिथेच सोडला.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयातल्या त्या खोलीत तीन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, दोन बाकं आणि फिरताना मान हलवणारा पंखा होता. अधिकारी बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि समोर दोन्ही अर्ज मांडले होते. शेजारी टंकलेखक बसला होता, बाई बोलतील ते उमटवायला. एका बाकावर जावईबापू आणि थोरली, दुसऱ्यावर साडू आणि धाकटी. धाकटीने आल्या आल्या ‘‘ताई, मनगट कसं आहे?’’ असं विचारलं होतं. त्यावर नवऱ्याने डोळे वटारल्यावर ती मुकाट बसली होती.

साडू आधी उभा राहिला. त्याने खोकं हातात धरलं आणि गोष्ट सुरू केली. बऱ्यापैकी सांगत होता, पाठ केलेली असली तरी.

‘‘राजा दीड दिवसाचा उपाशी...’’

‘‘दोन,’’ जावईबापू बाकावरून म्हणाले.

थोरलीने त्यांना कोपराने ढोसलं.

‘‘दोन दिवसांचा उपाशी. डाव्या हाताला प्रधान उभा...’’

‘‘उजव्या! डाव्या हातात घास आहे ना राजाच्या. साडूभाऊ, सांगायचं तर नीट सांगा. आणि प्रधान एकदम बोलत नाही, आधी खाकरतो.’’

अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. ‘‘म्हणजे ही हकिकत तुम्हाला मान्य आहे?’’

खोलीत पंखा एकदा इकडून तिकडे फिरला. साडूच्या चेहऱ्यावर, उंदीर आपल्या पायांनी पिंजऱ्यात चालत आल्यावर येतो, तसा आनंद पसरला. आयुष्यभर जावईबापूंनी माणसांना ही गोष्ट पटवली होती. कोणी सहीशिक्क्यानिशी पटवून घ्यायला तयार आहे, असं आज पहिल्यांदाच घडत होतं. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. राजा कागदावर कायमचा बसला असता.

थोरली त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती. उजव्या हाताच्या पाठीवर तेलाचे जुने पांढरे डाग होते, आणि अंगठा सवयीने चिमटीत काहीतरी नसलेलं वळत होता.

‘‘मान्य नाही,’’ जावईबापू म्हणाले.

‘‘का?’’

‘‘राजा नव्हता.’’

‘‘मग प्रधान?’’

‘‘तोही नव्हता.’’

‘‘पण कान होता?’’

‘‘कान होता.’’

‘‘कोणाचा?’’

जावईबापूंनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची चौकोनी घडी घातली. ‘‘माझा.’’

टंकलेखकाचे हात थांबले. ‘‘लिहा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘कान अर्जदाराचा. पुढे?’’

पुढे जावईबापू बोलले, पण ही त्यांची नेहमीची भाषा नव्हती. इथे एकही विशेषण नव्हतं. शिळा माल, तेल, साखर, मालक, कान. एवढी कोरडी गोष्ट त्यांनी जन्मात सांगितली नव्हती. बाई मात्र खोदून खोदून विचारत होत्या, कारण अर्जाला रकाने होते.

‘‘उजवा की डावा?’’

‘‘आता इतक्या वर्षांनी...’’

‘‘डावा,’’ थोरली म्हणाली. ‘‘बाबा समोरून आले, त्यांचा उजवा हात.’’

‘‘किती ग्राहक हजर होते?’’

‘‘असतील तीन-चार.’’

‘‘सात,’’ थोरली म्हणाली.

‘‘किती वेळ धरला होता?’’

‘‘थोडा वेळ.’’

‘‘एकतीस नग टोपलीत टाकून होईपर्यंत,’’ थोरली म्हणाली. ‘‘बाबा सावकाश टाकत होते.’’

साडू उठला. ‘‘मॅडम, ही शुद्ध बनवाबनवी आहे! या माणसाने पंचवीस वर्षं राजा छापला, आणि आज नाव हातचं जातंय म्हटल्यावर स्वतःचा कान पुढे केला! साक्षीदार कोण? बायको! ती नवऱ्याच्याच बाजूने बोलणार. उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसरं कोणी पाहिलंय का?’’

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बाईंनीही मान डोलावली. ‘‘दुसरं कोणी हयात आहे?’’

जावईबापूंनी नकारार्थी मान हलवली. न्हावी मेला त्या वर्षी त्यांना जो आनंद झाला होता, त्याची त्यांना आज प्रथमच लाज वाटली.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून एक आवाज आला. आधी तो शिंकेसारखा वाटला. धाकटीने पदर तोंडावर दाबून धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. दाबून ठेवलेलं हसू जास्तच वाईट. ते नाकातून आलं, मग डोळ्यांतून, आणि शेवटी धाकटी उघड उघड हसायला लागली.

‘‘काय झालं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘काही नाही, मॅडम... ते... भावजी तेव्हा म्हणाले होते...’’ तिला बोलवेना. ‘‘मी पिठाच्या डब्यावर बसले होते. बाबांनी वीस-बावीस टाकले असतील, तर भावजी हळूच म्हणाले, ‘मालक, आता जरा दुसरा धरता का?’’’

टंकलेखक टेबलाखाली वाकला, काहीतरी पडलं असावं अशा बेताने.

‘‘अगं!’’ साडू ओरडला. ‘‘तू आपल्या बाजूने आहेस!’’

‘‘हो, आहेच की,’’ धाकटी डोळे पुसत म्हणाली. ‘‘पण तुम्ही तिथे नव्हता ना.’’

‘‘तेव्हा तुमचं वय?’’ बाईंनी विचारलं.

‘‘अकरा.’’

‘‘आणि हे तुम्ही स्वतः ऐकलंत?’’

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळ्यांनी नाही, नाही म्हणत होता. मग तिने बहिणीकडे पाहिलं. थोरली हसत नव्हती, पण तिचा हात तोंडाशी गेला होता. ‘‘ऐकलं, मॅडम,’’ धाकटी म्हणाली. ‘‘त्या दिवशी रात्रीचं जेवण मला गेलं नव्हतं. हसून हसून.’’

‘‘लिहा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘विरुद्ध पक्षाच्या पत्नीकडून दुजोरा.’’

पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. कान हे नाव त्या दुकानाचं झालं. समोरच्या पाटीवर साडूला पांढरा रंग फासावा लागला. आठवडाभर त्याने बिनानावाचा माल विकला, मग त्याला शिंपले म्हणायला लागला. शिंपल्यांना गोष्ट नव्हती. यंत्र तासाला चारशेवरून शंभरावर आलं.

थोरलीने कढई उतरवली नाही. सकाळी आठला पहिला घाणा, संध्याकाळी सहाला शेवटचा. जावईबापूंना वाटलं, विषय संपला. पण प्रमाणपत्राच्या मागे अटी होत्या, आणि सात पानांची जोडपत्रं लावणाऱ्या माणसाने त्या वाचल्या नव्हत्या. अट चार अशी, की नाव पडण्याचं नोंदवलेलं कारण प्रत्येक खोक्यावर शब्दशः छापलं पाहिजे. राजा काढावा लागला. त्याच्या जागी आलेला मजकूर असा होता:

‘येथील विक्रेत्याने शिळा माल ताजा म्हणून विकल्यावरून मालकांनी सात ग्राहकांसमक्ष त्याचा डावा कान, एकतीस नग टोपलीत टाकून होईपर्यंत, पिळला. त्या प्रसंगावरून या पदार्थास हे नाव पडले. सदर विक्रेता हयात आहे.’

‘‘शेवटचं वाक्य ठळक करू का?’’ छापखानेवाल्याने विचारलं.

‘‘बारीक करा,’’ जावईबापू म्हणाले. ‘‘जितकं होईल तितकं.’’

बारीक अक्षर लोक जास्त लक्ष देऊन वाचतात, हे व्यापारशास्त्रात शिकवत नसावेत. गिऱ्हाईक खोकं डोळ्यांजवळ नेई, ओठ हलवत वाचून काढी, मग खोकं खाली करून जावईबापूंच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूकडे पाही. काही लोक मुद्दाम काउंटरच्या त्या अंगाला जाऊन उभे राहत. तोच तो निवृत्त शिक्षक आला, त्याने तीनदा वाचलं आणि म्हणाला, ‘‘आता मात्र नाव विचारायची गरज नाही.’’ खप वाढला. जावईबापू गप्प गप्प झाले. आधी गिऱ्हाईक ऐकत असे आणि ते बोलत. आता गिऱ्हाईक बोले.

महिन्याभराने त्यांनी नोंदणी कार्यालयाला अर्ज केला. कान राहू द्या, डावाही राहू द्या, त्यांनी लिहिलं, पण ‘सात ग्राहकांसमक्ष’ऐवजी ‘काही ग्राहकांसमक्ष’ असं करावं, कारण सात हा आकडा विनाकारण नजरेत भरतो. उत्तर आठ दिवसांत आलं. सरकारी उत्तर एवढ्या लवकर येतं तेव्हा ते कामाचं नसतं. नोंदीत फरक करायचा असल्यास दोन्ही साक्षीदारांनी पुन्हा हजर राहून प्रसंग नव्याने, अर्जदारासमक्ष सांगावा, असं त्यात होतं. खाली एक छापील नमुना जोडला होता, अर्ज पुढे चालवायचा की मागे घ्यायचा, आणि कारण.

जावईबापू तो कागद घेऊन आत गेले. थोरली पट्ट्या कापत होती.

‘‘समजा, तुला परत बोलावलं,’’ ते म्हणाले, ‘‘तर येशील?’’

‘‘येईन की.’’

‘‘आणि तीन म्हणशील? तीन नको, चार. चार म्हण.’’

‘‘सात म्हणेन.’’ तिने पट्टी उचलली, टोक अंगठ्याखाली दाबलं. ‘‘आणि धाकटी आली तर ती या खेपेला तुमचा आवाजही काढून दाखवेल. रोज फोनवर मला दाखवते.’’

‘‘रोज?’’

‘‘एक दिवसाआड,’’ थोरली म्हणाली, आणि पीळ देऊन ताटात ठेवला.

जावईबापूंनी काउंटरवर येऊन नमुना पसरला, ‘मागे घेतो’ यापुढे खूण केली. कारणाच्या रकान्याला या खेपेलाही चार ओळींची जागा होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, जोडपत्रासाठी कोरा कागद शोधला, तो परत ठेवला आणि रकान्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘सात बरोबर आहेत.’